आलोजच्या घरातला हिवाळा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला, गेरार्ड कुचेरानं तळघरातली कोळशाची भट्टी पेटवली आणि उर्सुलाचं डोकं पुन्हा दुखायला लागलं.

मागच्या वर्षीही असंच झालं होतं. थंडी सुरू झाली की सकाळी उठल्या उठल्या तिचं कपाळ ठणकायचं, मळमळायचं; आणि बाजारात एक फेरी मारून आली की आपोआप बरं वाटायचं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर पाहिला. काही सापडलं नाही.

"वय झालं तुझं," गेरार्ड म्हणायचा.

"आणि तुझं काय उतरत चाललंय?" उर्सुला म्हणायची आणि डोक्याला ओढणी घट्ट बांधून चुलीपाशी उभी राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तीनशे पोरांची ताटं वाढलेली बाई ती. डोकं दुखतं म्हणून बसून राहणाऱ्यातली नव्हती.

पोलंडमधल्या रिब्निकजवळच्या त्या वस्तीत लिपोवा रस्त्यावर पन्नासेक घरं होती आणि प्रत्येक घराला धुराडं होतं. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा आणि धूर वर न जाता रस्त्यातच बसून राहायचा. कपडे बाहेर वाळत घालायची सोय नव्हती. पण लोकांना त्याचं काही वाटत नसे, आणि गेरार्डला तर मुळीच नाही. अठ्ठावीस वर्षं तो खाणीत होता. जमिनीखाली सातशे मीटरवर राबणाऱ्या माणसांपर्यंत ताजी हवा पोचते की नाही, कुठे विषारी वायू साचतो का, हे बघायचं त्याचं काम. कोळशानं त्याला पगार दिला, घर दिलं, पेन्शन दिली. कोळशाला कुणी नावं ठेवली की आपल्या बापालाच ठेवली, असं त्याला वाटे.

जुन्या भट्ट्या काढून टाका, असा प्रांताचा हुकूम निघून बरीच वर्षं झाली होती. लिपोवा रस्त्यानं तो हुकूम ऐकून न ऐकल्यासारखा केला. त्यातच शेजारच्या आलोज पिएखानं सगळ्यांना आयतंच कारण पुरवलं.

आलोज म्हणजे निवृत्त बसचालक. बायको गेलेली, मुलगी परदेशात. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे चकचकीत बूट घातलेला एक विक्रेता आला आणि तासाभरात सही घेऊन गेला. महिन्याभरात आलोजच्या भिंतीबाहेर पंख्याचं मोठं धूड बसलं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारा, विजेवर चालणारा उष्णतापंप! "आता कोळसा विसरा आणि खर्चही विसरा," विक्रेता म्हणाला होता. पहिल्याच जानेवारी-फेब्रुवारीचं बिल आलं चार हजार आठशे झ्लॉटी. तेवढ्या पैशात तीन टन कोळसा आला असता! आणि एवढं करून आलोज स्वयंपाकघरात कोट घालूनच बसलेला.

गेरार्डला तर चेव चढला. कुंपणावरून तो ओरडायचा, "काय आलोज, आज चिमण्यांना ऊब पुरली का? का अजून थोडी सोडायचीय बाहेर?"

हळूहळू आलोज कुंपणाकडे यायचाच बंद झाला. आणि रस्त्यावरच्या सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं की ही नवी यंत्रं म्हणजे श्रीमंतांचे चोचले आणि गरिबांची लूट.

अशा वेळी रेगिनाबाई शोल्तिसेक धुराडं तपासायला आल्या.

रेगिनाबाई त्या भागातल्या धुराडी साफ करणाऱ्या. काळा पोशाख, पितळी गुंड्या, खांद्यावर तारेचा ब्रश. त्या रस्त्यानं निघाल्या की शुभ म्हणून माणसं अजूनही आपल्या सदऱ्याचं बटण पकडायची. वडिलांच्या हाताखाली त्या हे काम शिकल्या होत्या, आणि पन्नाशीतही छपरावर मांजरीसारख्या चढायच्या.

त्या दिवशी त्यांनी धुराड्यात ब्रश सोडला, वर ओढला आणि त्याला लागलेली विटांची भुकटी बघून त्यांचा चेहरा बदलला. खाली येऊन त्यांनी खिशातून हाताएवढं एक उपकरण काढलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. दोन मिनिटांत ते चिरक्या आवाजात वाजायला लागलं.

तो आवाज काय सांगतो, हे गेरार्डला तत्क्षणी कळलं. धावत जाऊन त्यानं एकामागून एक सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, उर्सुलाचा दंड धरून तिला अंगणात नेलं.

"अरे, काय झालं? चप्पल तरी घालू दे!"

"कार्बन मोनॉक्साइड," गेरार्ड म्हणाला.

भट्टी विझवून, घर पुरतं हवेशीर करून रेगिनाबाई बाहेर आल्या. "धुराड्याला चीर गेलीय. नेमकी तुमच्या निजायच्या खोलीच्या भिंतीत. उर्सुलाबाई, तुमची बाजू भिंतीकडची ना?"

उर्सुलानं मान हलवली.

"मग डोकं दुखतं त्यात नवल नाही. नशीब म्हणा तुमचं. रात्री भट्टी मंद करता आणि खिडक्या बंद. आणखी थोडी चीर वाढली असती, तर सकाळ झाली नसती."

गेरार्ड अंगणातल्या बाकावर बसला. ज्या वायूपासून त्यानं अठ्ठावीस वर्षं परक्यांच्या नवऱ्यांना आणि पोरांना सांभाळलं, तोच वायू त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या बायकोच्या उशाशी झिरपत होता. आणि तो तिला म्हणत होता, वय झालं तुझं!

"ही भट्टी आजपासून बंद," रेगिनाबाईंनी सांगितलं. "मी शिक्का मारतेय."

"धुराड्याला आतून नवी नळी घाला की!" गेरार्ड उसळला. "हिवाळा तोंडावर आलाय!"

"घालता येईल. पण अशा भट्ट्या काढायची मुदत जवळ आलीय. जी भट्टी काढायचीच आहे, तिच्यासाठी हजारो झ्लॉटी धुराड्यात कशाला घालता?"

"मग काय करू? त्या आलोजसारखा फसू?"

"आलोजराव फसले हे खरं," रेगिनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण त्यांना यंत्रानं नाही फसवलं. विकणाऱ्यानं फसवलं. त्यानं त्यांच्या माळ्यावर चढून पाहिलं का? भिंती तपासल्या? घराला किती ऊब लागते, कुठून निसटते, हे मोजलं? काही नाही! सगळ्यात मोठं यंत्र गळ्यात मारलं आणि गेला. घर चाळणीसारखं असेल, तर पंप रात्रंदिवस धावतो आणि मीटर त्याच्यापेक्षा जोरात धावतं."

"आणि वीज गेली म्हणजे?"

"तुमच्या भट्टीचं गरम पाणी घरभर फिरवणारा पंप कशावर चालतो, गेरार्डराव? मेणबत्तीवर?"

उर्सुला अशाही अवस्थेत फिस्सकन हसली. गेरार्ड चिडून म्हणाला, "सगळ्यांनी धुराडी काढून टाकली, तर तुम्ही काय खाणार?"

"हवेचे झरोके साफ करायला घरं राहतीलच की. नाहीतर दुसरं काही शिकेन. पण उंबऱ्याबाहेर माणसं चादरीत गुंडाळून आणलेली दोनदा पाहिलीत मी. तिसऱ्यांदा नको."

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी खाकरलं. आलोज उभा होता. थंडीत शेजाऱ्यांच्या सगळ्या खिडक्या उघड्या दिसल्या म्हणून तो आला होता. काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. फार ऊब नाही, पण... हवा तरी स्वच्छ आहे."

"तुझ्या शीतपेटीत राहू?" गेरार्डच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"गेरार्ड!" उर्सुला उठून उभी राहिली. "तुला इथं गारठायचं असेल तर खुशाल गारठ. मी माझी पिशवी भरते. आलोज, तुझ्याकडे मोठं पातेलं आहे ना?"

अशा रीतीनं, ज्या घराची दोन वर्षं टिंगल केली, त्याच घरात गेरार्डनं आपली बोचकी नेऊन ठेवली.

पहिल्याच दिवशी उर्सुलानं बटाट्याचे मऊ गोळे केले, मध्ये बोटानं खळगा पाडून त्यात रस्सा ओतला, बाजूला लाल कोबी. पत्नी गेल्यापासून आलोजनं असं जेवण पाहिलं नव्हतं. तो मान खाली घालून जेवत राहिला. गेरार्डचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. त्याच्या घोट्यांना गार वारा लागत होता.

"आलोज, दार उघडं आहे का कुठलं?"

"नाही. असंच असतं इथं."

"असंच कसं असेल? वारा कुठूनतरी येतो आणि कुठेतरी जातो."

जेवण अर्धवट टाकून गेरार्ड उठला. पातळ कागदाची एक पट्टी त्यानं काडीला बांधली आणि ती हळूहळू दारांच्या, खिडक्यांच्या कडेनं फिरवत निघाला. तळघराच्या दाराशी पट्टी आत झुकली. खिडकीच्या चौकटीशी थरथरली. जिन्यात पोचल्यावर तर सरळ वर उभी राहिली! गेरार्ड तिच्यामागे माळ्यापर्यंत गेला. माळ्याच्या झडपेला बोटभर फट होती, आणि वर जमिनीवर जुन्या भुशाचा पातळ थर सोडला तर काही म्हणजे काहीच नव्हतं.

"हिवाळ्यात माझ्या छपरावरचं बर्फ सगळ्यात आधी वितळतं," आलोज खालून म्हणाला. "मला वाटायचं, यंत्र किती ताकदीचं!"

"अरे शहाण्या, तू ढग तापवत होतास!"

पण या वेळी गेरार्डच्या आवाजात टोमणा नव्हता. माळ्यावर बसल्या बसल्या त्याला खाण दिसत होती. खाली एखादं दार नीट लागलं नाही, तर वर कितीही मोठा पंखा लावा, हवा वाटेतच निसटते आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही. तेव्हा त्यांनी कधी पंख्याला दोष दिला होता का? नाही! आधी ते दार शोधायचं. हे तर त्याचंच काम होतं, आयुष्यभराचं. आणि दोन वर्षं तो कुंपणापलीकडून नुसता हसत उभा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः रेगिनाबाईंच्या दारात गेला. "बाई, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. सांगा, कुठून सुरुवात करायची?"

माळ्यापासून, असं ठरलं. सगळ्यात कमी खर्चात तिथंच सगळ्यात जास्त ऊब अडवता येते. खनिज लोकरीचे गठ्ठे आले. दोन शनिवार गेरार्ड, आलोज आणि समोरच्या घरातले बापलेक माळ्यावर राबले; बाह्या लांब, चेहरे झाकलेले, खाजवून सगळे बेजार. झडपेला रबराची पट्टी बसली, खिडक्यांच्या फटी बुजल्या, तळघराच्या दाराला जाड पत्रा आणि फोम लागला. झरोके मात्र रेगिनाबाईंनी उघडेच ठेवायला लावले. "फटी वेगळ्या आणि झरोके वेगळे," त्या म्हणाल्या. "माणसाला श्वास लागतो."

मग त्यांच्या ओळखीचा एक तंत्रज्ञ आला. विक्रेत्यानं पंपाचं पाणी साठ अंशांवर लावून ठेवलं होतं. तंत्रज्ञानं दोन खोल्यांत मोठे रेडिएटर बसवले आणि पाणी पंचेचाळीसवर आणलं.

"कोमट पाण्यानं घर तापेल?" आलोजचा विश्वास बसेना.

"घरानं ऊब धरून ठेवली, तर कोमट पुरतं. आणि पाणी जितकं कोमट, तितकी वीज कमी," तंत्रज्ञ म्हणाला.

चार डिसेंबरला, खाणकामगारांच्या सणाला, गेरार्डनं काळा गणवेश चढवला, पिसांची टोपी घातली आणि मिरवणुकीहून परतल्यावर तसाच आलोजच्या टेबलाशी बसला. थोड्या वेळानं त्यानं गळ्याची गुंडी काढली, मग दुसरी.

"काय झालं?" उर्सुलानं विचारलं.

"उकडतंय," गेरार्ड म्हणाला, आणि तिघंही हसायला लागली.

मार्चमध्ये बिल आलं. आलोजनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतले. "मला नाही धीर होत. तुम्हीच बघा."

उर्सुलानं पाकीट फाडलं, चष्मा सरळ केला. "दोन हजार दोनशे!"

"एका महिन्याचं?"

"दोन महिन्यांचं, आलोज! दोन महिन्यांचं! आणि त्यात आपण तिघं होतो, तुझ्या विजेच्या चुलीवर रोज माझी तीन पातेली होती!"

आलोजनं तो कागद हातात घेतला, परत परत वाचला. दोन वर्षं स्वतःला मूर्ख समजत आलेला तो माणूस खुर्चीत जरा ताठ बसला. गेरार्ड खिडकीकडे बघत उभा होता. तो वळला.

"आलोज, ते चिमण्यांचं... चुकलं माझं. तू अडचणीत होतास. मी शिडी घेऊन यायला हवं होतं, ते कुंपणावर उभा राहून दात काढत बसलो."

"असू दे रे," आलोज म्हणाला. "तुझे दात तसेही फार उरले नाहीत."

वसंतात कुचेरांच्या स्वतःच्या घराचा हिशोब सुरू झाला. रेगिनाबाईंनी काही लपवलं नाही. माळा, भिंतींना बाहेरून थर आणि पंप मिळून पंच्याण्णव हजार झ्लॉटी. सरकारी मदत मिळेल, पण निम्म्याहून कमी, आणि तीही कागदपत्रांच्या चार फेऱ्यांनंतर. उरलेले घरचे. म्हणजे नव्या गाडीसाठी साठवलेले.

"हे फुकटात होतं असं कुणी म्हणालं, तर त्याला दार दाखवा," रेगिनाबाई म्हणाल्या. "तुमचे पैसे बचतीतून भरून यायला अकरा-बारा वर्षं लागतील."

"बारा वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा असेन," गेरार्ड म्हणाला.

"असशील ना!" उर्सुलानं लगेच उत्तर दिलं. "ती भट्टी ठेवली, तर त्याचीही खात्री नाही. गाडी जुनीच चालवू. माझं डोकं दुखत नाही, याची किंमत तू कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस?"

गेरार्डनं गाडीच्या पैशांचं पासबुक काढून टेबलावर ठेवलं. एका कंपनीनं त्यांना चौदा किलोवॉटचा पंप सुचवला होता. घर नीट झाकल्यावर मोजलं, तेव्हा आठचा पुरेसा निघाला. नुसत्या या मोजण्यानं बरेच हजार वाचले. छपरावर सौरपट्ट्याही घ्यायच्या का, हा विचार त्यांनी पुढच्या वर्षावर टाकला. त्या पट्ट्या उन्हाळ्यात कामाच्या, आणि ऊब लागते हिवाळ्यात, घाई नव्हती.

पुढच्या जानेवारीत वादळानं तारा तुटल्या आणि सकाळपासून पाच तास वस्तीत वीज नव्हती. गेरार्ड आपल्या घरात तापमापकासमोर खुर्ची टाकूनच बसला. पाच तासांत काटा दोन अंश खाली आला, एवढंच. त्या हिवाळ्यात उर्सुला एकदाही कपाळाला ओढणी बांधून उठली नाही.

फेब्रुवारीत अग्निशामक दलाच्या सभागृहात एक नवी कंपनी आली. भिंतीवर मोठा फलक होता, "बिल शून्य!" कॉफी आणि केक फुकट. सगळा लिपोवा रस्ता लोटला होता, कारण भट्टी काढायची मुदत आता अगदी अंगावर आली होती. विक्रेता गोड बोलत होता, टेबलावर छापील करार मांडले होते. पहिल्या रांगेतलं एक तरुण जोडपं पेन हातात घेऊन बसलेलं. बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

गेरार्ड मागच्या रांगेतून उठला. "साहेब, माझे तीन प्रश्न आहेत."

"विचारा ना, आजोबा!"

"यातल्या कुणाच्या माळ्यावर तुम्ही चढलात?"

विक्रेता हसला. "आमचं यंत्र कुठल्याही घराला चालतं."

"बरं. कुणाच्या घराला किती ऊब लागते, ते मोजलंत?"

"आमच्याकडे एकच उत्तम मॉडेल आहे—"

"म्हणजे नाही. आणि आमच्याकडे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. तेव्हा बिल शून्य कसं येतं, तेवढं समजावून सांगा."

सभागृहात कुजबुज झाली. विक्रेत्याचा आवाज चढला. "तुमच्यासारखी जुनी माणसंच प्रगतीच्या आड येतात! तुम्हाला कोळसाच हवाय!"

"मला?" गेरार्ड म्हणाला. "माझ्या घरात पंपच आहे. उत्तम चालतो. म्हणूनच विचारतोय!"

आधी एकजण हसला, मग सगळं सभागृह. तिकडून आलोज उभा राहिला. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेला आलोज! "मी न विचारता सही केली होती," तो म्हणाला. "माझं बिल किती आलं, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर घर दुरुस्त केलं, तेव्हा त्याच यंत्राचं बिल निम्म्यावर आलं. ज्याला कागद बघायचाय, त्यानं माझ्याकडे यावं."

तरुण जोडप्यातल्या मुलीनं नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग ती मागे वळली. "काका, आमच्या माळ्यावर काय आहे, आम्हाला माहीतच नाही. तुम्ही याल का बघायला?"

"आत्ता येतो," गेरार्ड म्हणाला आणि कोट चढवायला लागला.

मित्रांनो, लिपोवा रस्त्यावर या दोन हिवाळ्यांत शिकलेली गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घराला लागू पडते. नवी ऊर्जा परवडते की नाही, हे नुसतं यंत्र ठरवत नाही. आपलं घर ठरवतं, आणि आपण विचारलेले प्रश्न ठरवतात. जो डोळे मिटून सही करतो तो फसतो, आणि जो शेजाऱ्याचं फसणं बघून हसत बसतो, तो आपल्याच घरातल्या धुरात गुदमरतो. म्हणून आधी घराच्या फटी शोधा, गरज मोजा, मगच यंत्र घ्या. खर्च आहे, तो मोकळेपणानं सांगा. लाभ आहे, तोही मोकळेपणानं सांगा. आणि शेजारी चुकला असेल, तर त्याच्याकडे शिडी घेऊन जा. गेरार्ड कुचेरानं त्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत एकोणीस माळे पाहिले, आणि एकाही घरात त्यानं कॉफीखेरीज काही घेतलं नाही.